सुट्या भागांचा इतिहास

अमेरिकेत एक छंद चांगलाच फोफावला आहे. व्हिएतनामच्या युद्धातील एम-१६ रायफलीची एकेक गोळी झाडणारी प्रतिकृती घडविण्यासाठी हौशी मंडळी त्या काळचे सुटे भाग हुडकीत असतात: त्रिकोणी पुढची पकड, वीस काडतुसांचे मॅगझिन, नेमक्या सालचा दस्ता. तेथील १९६८ च्या केंद्रीय कायद्याने रायफलीचा मुख्य सांगाडा तेवढा शस्त्र ठरविला. उरलेले बहुतेक भाग घड्याळाच्या चाकांप्रमाणे टपालाने घरी येतात. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याने शस्त्राच्या भागांनाही शस्त्रच मानले. आम्हांस हीच व्याख्या शहाणपणाची वाटते.

परंतु आमचा आक्षेप कायद्यापुरता नाही. ही मंडळी म्हणतात, आम्ही इतिहास जपतो. कोणता इतिहास? याच रायफली १९६६-६७ साली ऐन चकमकीत अडकत. काडतुसातील दारू बदलली, काडतूस बसते त्या कक्षाला क्रोमचा मुलामा दिला नाही, सफाईचे साहित्यही पुरेसे पुरविले नाही. १९६७ साली अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने याबद्दल लष्करी कारभारावर कडक ठपका ठेवला. अडकलेली रायफल हाती धरून मेलेली पोरे आणि त्याच रायफलीने मारलेले व्हिएतनामी कोणत्या सुट्या भागात सापडावयाचे?

छंद करणारांनी तो खुशाल करावा. त्यास इतिहासाचे नाव मात्र देऊ नये. आणि द्यावयाचेच असेल, तर दस्त्याचे साल तपासण्यापूर्वी त्या उपसमितीचा अहवाल एकवार वाचावा.