शरीराच्या हक्काचा तास

सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि तिथे ठरलेल्या मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार सह्या झाल्या. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने फॅक्टरी कमिशनपुढे गेलेला हा अर्ज आज आरोग्याच्या दृष्टीने पुन्हा वाचावा असा आहे. रविवारी सुटी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हातात पडावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा. या पाच मागण्यांपैकी चार थेट शरीराच्या आहेत. पोटाला चिमटा काढून जगणाऱ्या माणसांनी पगारवाढीच्या आधी विश्रांती मागितली, याचे महत्त्व आपण पुरेसे ओळखलेले नाही. त्यानंतर २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. एका दिवसाच्या विश्रांतीला जवळपास सहा वर्षे लागली.

आज आरोग्यासाठी दिला जाणारा सल्ला याच्या अगदी दुसऱ्या टोकाला उभा असतो. पहाटे अर्धा तास लवकर उठा, लिफ्ट टाळा, रात्री मोबाइल दूर ठेवा. यातले काहीही चुकीचे नाही. अडचण एवढीच की हा सल्ला सगळा भार एकट्या माणसाच्या निश्चयावर टाकतो, आणि निश्चय मोडला की दोषही त्याच्याच पदरी बांधतो. डोंबिवलीहून दादरला उतरून लोअर परळच्या कचेरीत जाणारी आणि रात्री नऊला घरी पोचणारी मुलगी आळशी आहे म्हणून तिचा व्यायाम होत नाही, असे मानणे अन्यायाचे आहे. गिरगावापासून लालबागपर्यंतच्या या पट्ट्याचा गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा अनुभव वेगळेच सांगतो. शरीराला वेळ मिळाला तो कामाला हद्द पडली तेव्हा, जवळ जागा होती तेव्हा आणि सोबत चार माणसे होती तेव्हा. निश्चय त्यानंतर टिकला.

हद्दीचेच आधी पाहू. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती दिली, स्त्रियांच्या कामाचे तास अकरावर आणले. पुरुषांच्या तासांना मात्र मर्यादा घातली नाही. तोवर मर्यादा घालत होता तो सूर्य. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले, १९०५ च्या सुमारास कापडाला तेजी आली आणि काही गिरण्यांतला दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. म्हणजे श्रम हलके करू शकणाऱ्या एका शोधाने आधी विश्रांतीच खाल्ली. १९०८ च्या फॅक्टरी कमिशनमधल्या बहुतेक सदस्यांना प्रौढ पुरुषांच्या तासांवर थेट बंधन नको होते. भिन्नमत नोंदवले ते डॉ. टी. एम. नायर यांनी, आणि ते पेशाने डॉक्टर होते हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९११ मध्ये कापडगिरण्यांत बारा तासांची मर्यादा आली, १९२२ मध्ये अकरा, १९३४ मध्ये दहा, आणि १९४८ च्या कायद्याने आठवड्याचे ४८ तास कायम केले. बाळंतपणाची रजाही अशीच आली. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिची बाजू मांडली आणि पुढच्या वर्षी कायदा झाला. ते तेव्हा परळच्याच चाळीत राहत होते. आज मोबाइलने तेच काम केले आहे जे तेव्हा विजेच्या दिव्याने केले. कचेरी सातला बंद होते, पण रात्री साडेदहाला आलेल्या मेसेजला उत्तर द्यावेच लागते. कामाच्या वेळेनंतर संपर्कात न राहण्याचा हक्क देणारे खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही आणि त्याविषयी मोठी मागणीही उभी राहिली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कामाचे तास कमी झाले तर कामगार तो वेळ वाया घालवेल, दारूत बुडवेल, अशी भीती त्या काळी बोलून दाखवली जाई. ज्यांना व्यसन लागायचे त्यांना लागले. पण त्याच मोकळ्या वेळेत गिरणगावात तालमी आणि व्यायामशाळा उभ्या राहिल्या, गल्लीगल्लीत कबड्डीचे संघ झाले, ना. म. जोशींनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी वाचनालये आणि रात्रशाळा चालवल्या. पुढे १९५३ मध्ये कामगार कल्याण मंडळ आले. लोअर परळचा श्रमिक जिमखाना, परळचे कामगार मैदान ही नावे आजही कबड्डीच्या माणसाला तोंडपाठ असतात. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की पुढची संध्याकाळ कामगाराची होती. पाळी थकवणारी होती, रात्रपाळी तर झोपेचा कायमचा घात करणारी. पण ती कधी संपणार हे ठाऊक होते, आणि ते ज्याला ठाऊक असते तोच संध्याकाळी तालमीत येतो असा शब्द देऊ शकतो.

त्या दिवसांचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. दहा बाय दहाच्या खोलीत पाळ्या लावून झोपणारी माणसे, क्षय, आणि कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा छातीचा आजार, हेही गिरणगावाचेच आयुष्य होते. बिसिनोसिसचे एक लक्षण जगभरच्या गिरण्यांत नोंदले गेले आहे. सुटीनंतर कामावर परतण्याच्या पहिल्या दिवशी छाती सर्वांत जास्त आवळते. एक दिवस धुळीपासून दूर राहिलेली छाती परत त्या धुळीत गेली की तक्रार करते. लोखंड्यांच्या रविवाराने कामगाराला सोमवारी स्वतःच्या शरीराचे हे म्हणणे ऐकू येण्याइतकी उसंत दिली. धूळ हटवायला मात्र ती एक सुटी पुरेशी नव्हती.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप असा की मुंबईचा माणूस चालतोच की. दादरचे पूल, जिने, फलाट, स्टेशनपासून कचेरीपर्यंतची पायपीट, वेगळा व्यायाम कशाला? यात तथ्य आहे. डॉ. जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये लॅन्सेटमध्ये लंडनच्या बसमधल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास मांडला. दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसचे जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या मार्गदर्शनात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगताना, ती सलग दहा मिनिटांची असलीच पाहिजे ही जुनी अट काढून टाकली. म्हणजे दादरचा जिना मोजायला हरकत नाही; जो चढतो त्याने तो अभिमानाने मोजावा. पण हालचाल म्हणजे सगळे आरोग्य नव्हे. आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून जो हिशेब मांडला, त्यानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त आढळला. इतके तास बसून किंवा उभे राहून काम केल्यावर पुलाचे जिने ते नुकसान भरून काढतील, या भरवशावर कुणी राहू नये.

तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने खासगी कारखान्यांतली दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर आणि मोठ्या दुकान-आस्थापनांतली नऊवरून दहावर नेण्यास मंजुरी दिली, तेव्हा आठवड्याचे ४८ तास तसेच राहणार असल्याचे समर्थन पुढे आले. काही दिवस जास्त राबा, मग सुटी जास्त मिळेल. कागदावर हे बरोबर दिसते. शरीराचा हिशेब मात्र आठवड्याच्या बेरजेने चालत नाही. झोप रोजची रोज लागते, ती शनिवारसाठी साठवता येत नाही. बारा तासांच्या कामाला कल्याण-विरारचा जाण्यायेण्याचा अडीच-तीन तासांचा प्रवास जोडा, मग स्वयंपाक, जेवण, अंघोळ. झोपेला सहा तास उरले तरी नशीब. शिवाय दिवसाची मर्यादा वाढली की जादा कामाची अपेक्षा त्या नव्या मर्यादेपासून सुरू होते, हे १९०५ च्या दिव्यांनी दाखवून दिले आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, आणि तो टाळणे अप्रामाणिक ठरेल. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार आपला दिवसाचा सुमारे ११ टक्के वेळ करमणूक, माध्यमे, छंद आणि खेळ यांत जातो. म्हणजे अडीच तासांहून जास्त. मग वेळ नाही असे कसे म्हणायचे? माझे उत्तर असे. हा वेळ आहे, पण तो तुकड्यातुकड्यांचा आहे आणि बराचसा दिवसाच्या शेवटचा. गाडीत एका हाताने कडी धरून उभ्या असलेल्या माणसाचा पाऊण तास रीलमध्ये जातो, कारण त्या पाऊण तासात दुसरे काही करताच येत नाही. रात्री अकराला उरलेल्या वेळेत शरीर थकलेले असते आणि मैदानाचे फाटक बंद झालेले असते. तरीही या वेळेतला काही भाग आपल्या हाती आहे हे मान्यच करायला हवे. तो वाचतो कसा, याचा धडा तालमीनेच दिला आहे. ठरलेला वार, ठरलेली वेळ, आणि न गेल्यास विचारणारी माणसे. मोबाइलवर पावले मोजण्यापेक्षा शेजारच्या दोघांना सोबत येण्याचा शब्द देणे मला अधिक खात्रीचे वाटते.

आणि हा वेळ कुणाचा, हा प्रश्न उरतोच. त्याच पाहणीत घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि पुरुष ८८. तब्बल तीन तास एकवीस मिनिटांचा हा फरक आहे. लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासानुसार देशातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, स्त्रियांत ५७. दिवसभर राबूनही बाई हालचालीत कमी भरते, याचा अर्थ तिचे राबणे शरीराला घडवणारे नाही, झिजवणारे आहे. जुनी तालीम पुरुषांची होती, ही तिची मोठी उणीव. गिरणगावात शेकडो कामगारांची पोळी-भाजी करणाऱ्या खानावळवाल्या बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा कुठे त्यांच्या कष्टांची दखल घेतली गेली. त्या बायकांच्या गुडघ्यांना आणि पाठीला संध्याकाळचा एक तास कुणी दिला नाही.

जागेविषयी बोलताना राग आवरणे कठीण जाते. महापालिकेने १९२५ मध्ये दादरला मैदान खुले केले, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले, आणि शंभर वर्षे ते शहराला पुरले आहे. सव्वा किलोमीटरच्या आतबाहेरचा त्याचा फेरा पहाटेपासून चालणाऱ्यांनी भरतो. तिथल्या समर्थ व्यायाम मंदिरात मुली दोरीच्या मल्लखांबावर तयार होतात. तिथले प्रशिक्षक उदय देशपांडे यांना त्या कामासाठी २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. एका शहाण्या निर्णयाचे फळ किती पिढ्या खातात, ते इथे दिसते. आणि तिथून दोन-तीन किलोमीटरवर गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या नियमानुसार पुनर्विकासात तिचा एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि उरलेला मालकासाठी होता. २००१ मध्ये ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती केली गेली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला, आणि मैदाने होऊ शकली असती तिथे मनोरे झाले. त्या मनोऱ्यांत उत्तम जिम आहेत. खालच्या चाळीतल्या मुलाला तिथे प्रवेश नाही.

हरवलेली जमीन परत येणार नाही. पण महापालिकेच्या शाळांची पटांगणे आहेत, आणि ती शाळा सुटल्यावर कुलूपबंद असतात. ती संध्याकाळी सात ते नऊ उघडी ठेवावीत, दिवे लावावेत, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आणि आठवड्यातले काही वार राखून ठेवावेत. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती आणि लालबागला १९३४ पासून ‘लालबागचा राजा’ बसतो; या भागातली मंडळे पाळ्या लावून दिवसरात्र हजारो माणसांची व्यवस्था पाहतात, पोलीस, पालिका, वीजकंपनी यांच्या परवानग्या दरवर्षी मिळवतात, शेकडो कार्यकर्ते बिनपगारी राबवतात. एवढी ताकद असलेल्या मंडळांना आपल्या वॉर्डातल्या एका शाळेच्या फाटकाची किल्ली रोज दोन तासांसाठी मिळवणे आणि तिथे कुणीतरी हजर राहील याची पाळी लावणे जमण्यासारखे आहे. या वर्षीच्या वर्गणीच्या पावतीबरोबर ही मागणी त्यांच्यापुढे ठेवावी.