भिंगावरचा आळ

चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची परंपरा आपल्याकडे जुनीच आहे. पण तिचा सगळ्यात गरीब बळी कोण, असं मला विचाराल तर मी म्हणेन, भिंग. आणि त्याचा चुलतभाऊ अंतर्वक्र आरसा. वर्षानुवर्षं या दोघांवर एकच आरोप होतोय : हे वाकडे आहेत, म्हणून ते सरळ माणसाला उलटं दाखवतात. उभा जन्म पुण्यात काढल्यामुळे 'उलट' म्हणवून घेण्याचं दुःख मला ठाऊक आहे. म्हणून हे वकीलपत्र घेतलंय, तेही फी न घेता.

निमित्त झालं नातीचं. ती दहावीत आहे, म्हणजे सगळं घरच दहावीत आहे. एका संध्याकाळी ती डोळे मिटून घोकत होती, "वास्तव आणि उलटी, आभासी आणि सुलटी..." मी चाट पडलो. जे वास्तव ते उलटं आणि जे सुलटं दिसतं तो आभास, हे कळायला मला पेन्शनीत निघावं लागलं. इथे पंधराव्या वर्षीच शिकवतात! चौकशीअंती कळलं, धडा वेदान्ताचा नसून भिंगांचा आहे.

"पण प्रतिमा उलटी का पडते गं?"

"आजोबा, 'का' ते विचारत नाहीत. कुठे पडते आणि केवढी, एवढंच विचारतात. भिंग वाकडं असतं म्हणून, असं क्लासचे सर म्हणाले."

इथे माझं डोकं फिरलं. चांगलं एकशे ऐंशी अंशांत.

वाकडेपणा हा गुन्हा धरला, तर स्कूटरचा आरसाही वाकडाच, फुगीर असतो. त्यात मागचा ट्रक कधी चाकं वर करून येताना दिसलाय? मायनस नंबरची काचही वाकडीच. ती लावून कोणी जग उलटं झाल्याची तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. चमच्याच्या खोलगट बाजूत आपण शीर्षासन करतो आणि पाठीकडच्या बाजूत मुकाट्याने उभे राहतो. दाढीचा खोलगट आरसा तर जवळून नाक सुलटं आणि मोठं दाखवतो, आणि हात लांबवत दूर नेला की तोच उलटं दाखवतो. मधल्या काळात त्याचा वाकडेपणा काय वाढला?

आता माझा मुख्य साक्षीदार. लहानपणी आम्ही सदाशिव पेठेतल्या वाड्यात राहत होतो. उन्हाळ्यात दुपारी माजघराची खिडकी बंद असे. तिच्या फळीला एक भोक होतं. बाहेर रणरणतं ऊन आणि आत अंधार झाला, की समोरच्या चुना लावलेल्या भिंतीवर सगळी गल्ली उलटी चालू लागे. सायकली वर चाकं करून जात, आणि टोपीवाले काका टोपीवर चालत. त्या भोकात काच नव्हती, आरसा नव्हता. भोकाला ना पोट ना पाठ. मग उलटं कोणी केलं?

कोणीच नाही. प्रकाश सरळ गेला, हाच त्याचा गुन्हा. काकांच्या टोपीकडून निघालेला किरण भोकातून तिरपा खाली उतरला आणि भिंतीच्या तळाशी पोहोचला. वहाणेकडून निघालेला वर चढला. वाटेत दोघांनी एकमेकांना ओलांडलं. तीच गत डाव्याउजव्याची. चोर म्हणाल तर ही ओलांडाओलांड!

भिंग म्हणजे एक मोठं भोकच. भोक मोठं केलं तर चित्र पुसट होतं, कारण एकाच बिंदूचे किरण भिंतीवर पसरतात. वाकडी काच त्या भरकटलेल्या किरणांना पुन्हा एका ठिकाणी गोळा करते. बिचारीचं काम एवढंच. मधोमध जाणारा किरण सरळच जातो, म्हणून टोपीचे सगळे किरण जमतात ते खालीच. अंतर्वक्र आरशाचंही तेच. वरून आलेला किरण त्याच्या मध्यावर आपटून खाली परततो, आणि बाकीच्यांची गाठ त्याच्याशीच पडते. वस्तू फार जवळ आणली तर मात्र काचेला किरण गोळा करणं झेपत नाही. ते पसरतच राहतात, आणि ते मागून कुठून तरी येताहेत असं डोळ्याला वाटतं. तो आभास. तो सुलटा.

आणि उलटं असण्यात एवढं वाईट काय आहे? १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला आलेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३६ साली 'संत तुकाराम' काढला. कॅमेऱ्यात पडलेली प्रतिमा उलटी, म्हणून प्रोजेक्टरमध्ये रीळही उलटं लावायचं. म्हणजे यंत्राच्या पोटात तुकोबा खाली डोकं करून पाताळाकडे निघालेले, आणि पडद्यावर तेच सदेह वैकुंठाला! भिंगाने दोनदा उलटं केलं म्हणून तर प्रेक्षकांचे हात जोडले गेले.

पुण्यातच १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. आकाशाच्या दुर्बिणीतून पाहणाऱ्या मंडळींना उलट्या चंद्राचं काही वाटत नाही. सुलटा करायला आणखी काचा घालाव्या लागतात, आणि प्रत्येक काच थोडा प्रकाश खाते. फार काय, आपल्या डोळ्याच्या पडद्यावरही हे जग उलटंच पडतं, हे केप्लरने १६०४ सालीच सांगून ठेवलंय. मेंदू सांभाळून घेतो, म्हणून चाललंय.

हे सगळं ऐकून नात म्हणाली, "मग भिंगाचा वरचा अर्धा भाग झाकला तर प्रतिमा अर्धीच पडेल ना? सर तसं म्हणाले." मी माझं पंचांग वाचायचं भिंग काढलं. खिडकीची प्रतिमा समोरच्या भिंतीवर घेतली आणि तिला वरचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकायला सांगितलं. खिडकी अख्खीच्या अख्खी राहिली, फक्त अंधूक झाली. उरलेली अर्धी काचही प्रत्येक बिंदूचे किरण गोळा करतच होती. नात बराच वेळ पुठ्ठा वरखाली करत राहिली. घोकणं थांबलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती भिंग आणि पुठ्ठा घेऊन क्लासला गेली. मी धास्तावलो. पुण्यात मास्तरांची चूक काढणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. संध्याकाळी ती परतली ती हात हलवत.

"भिंग कुठाय?"

"सरांनी ठेवून घेतलं."

"जप्त केलं?"

"नाही हो. म्हणाले, उद्या देतो. रात्री घरी भिंतीवर बघायचंय."

या गोष्टीला आठ दिवस झाले. पंचांग वाचायची पंचाईत झाली आहे, पण मी भिंग मागायला जाणार नाही.