मंगळसूत्राच्या आधीची गोष्ट



22 सप्टेंबर म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटलांची जयंती. ते कुंभोजचे, आपल्या समाजातले, हे सांगताना आपली मान ताठ होते. त्या दिवशीच्या भाषणांत लक्ष्मीबाईंचं नाव हमखास येतं आणि दरवेळी मंगळसूत्रापाशी थांबतं. साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या मुलांना धान्य नव्हतं, तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही दिलं. ऐकताना डोळे भरून येतातच. पण मला वाटतं, त्याआधी त्यांनी याहून अवघड गोष्ट सोडली होती. ती म्हणजे सोवळं.

1924 साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू झालं. सगळ्या जातिधर्मांची मुलं, ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं तीसुद्धा, एका पंगतीत जेवायची. त्यांच्या खाण्यापिण्याची, दुखण्याखुपण्याची काळजी घेणारी बाई कर्मठ जैन घरातली होती. 1927 मध्ये गांधीजी आले आणि त्यांच्या हस्ते बोर्डिंगला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. 1930 मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. पुढचा रयतचा वटवृक्ष त्यांनी पाहिलाच नाही. पुरुषांना सुधारणा सभेत करता येते हो, बाईला ती चुलीपुढे करावी लागते. तिथे टाळ्या वाजवायला कुणी नसतं, उलट नातेवाइकांचे टोमणे असतात.

हे अवघड का, ते माझी आजी आठवली की कळतं. आजी पाणी दुहेरी जाड कापडातून गाळायची. गाळण्यावर राहिलेली जिवाणी ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत परत. तीही वरून ओतायची नाही. पोहऱ्याच्या बुडाला कडी असायची. पोहरा पाण्याला टेकला की दोरीच्या हिसक्याने तो अलगद उलटा व्हायचा, डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांना धक्का लागू नये म्हणून. दोन घडी झाल्या की पाणी पुन्हा गाळायचं. आजीला घड्याळ वाचता येत नव्हतं, पण 48 मिनिटं तिला बरोबर कळायची!

आणि हीच आजी मळ्यात भांगलायला येणाऱ्या बाईच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची. पाण्यातल्या जीवाला पोहरा खालपर्यंत जायचा, माणसाला तांब्या वरूनच.

आजी दुष्ट नव्हती. तिच्या मनात दोन्ही नियम एकाच गाठोड्यात बांधलेले होते. पण ते एक नाहीत. पाणी गाळणं, दिवस मावळायच्या आत जेवणं, कंदमुळं टाळणं, हे नियम जीवदयेचे आहेत. ते मी पाळते, मुलींनाही सांगते. कोण शिवलं, कोणाचा कप वेगळा, यात कोणता जीव वाचतो? समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात जातीचा आणि कुळाचा गर्व आठ मदांमध्ये मोजला आहे. चांडाळकुळात जन्मलेल्या सम्यग्दृष्टी माणसालाही तिथे राखेखालच्या निखाऱ्याची उपमा देऊन देवासारखं मानलं आहे. दशलक्षणात आपण उत्तम शौच म्हणतो, ते लोभ सोडणं आहे, शिवाशिव नव्हे.

आता ओंजळ गेली, पण कान तुटलेला कप मात्र अनेक ओट्यांखाली अजून आहे. धुणीभांडी करणाऱ्या मावशींचा. विचारलं की उत्तर ठरलेलं, "अगं, त्या मांसाहार करतात ना!" मग आपली मुलं पुण्या-मुंबईला ऑफिसच्या मित्रांबरोबर कुठे नि काय खाऊन येतात, हे आपण कधी विचारलंय? त्यांना चांदीचं ताट. आणि सगळ्या घराची भांडी ज्या हातांनी स्वच्छ होतात, त्याच हातांना वेगळा कप, याचा हिशेब मला तरी लागत नाही.

महाराजांच्या आहारासाठी चौका लावतो तेव्हाची शुद्धी वेगळी, ती व्रताची असते. तिथे आपल्या घरच्यांनाही सहज आत येता येत नाही. तिचं नाव पुढे करून वर्षभराचा कप वेगळा ठेवू नये, एवढंच माझं म्हणणं.

आमच्याकडे मावशी दहा वाजता येतात. चहा आम्ही दोघी एकाच वेळी घेतो, एकाच सेटमधल्या कपांत. सासूबाई सुरुवातीला आठ दिवस गप्प होत्या. परवा म्हणाल्या, "त्यांच्या चहात आलं नको घालूस, त्यांना पित्त होतं." आलं कंदमूळ म्हणून आमच्या घरात येतच नाही, हे त्या रागाच्या भरात विसरल्या असाव्यात. मी काही बोलले नाही, चहा गाळला.