कुत्रा लांडगा राहिलेला नाही



कुत्रा मुळात लांडगा, म्हणून त्याला धान्य नको, कच्चे मांसच द्या, हा गेल्या अंकातील पत्राचा सल्ला धोक्याचा आहे. २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडिश संशोधनात पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती आढळल्या, कुत्र्यात ४ ते ३०. हजारो वर्षे माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर वाढलेला हा प्राणी. गावोगावची राखणीची कुत्री भाकरीवर पोसली गेली, ती पिष्ट पचवण्याच्या याच बळावर.

धान्य वगळलेल्या खाद्यात बहुधा वाटाणा, मसूर किंवा बटाटा भरलेला असतो. अशा खाद्याचा हृदय मोठे व दुबळे करणाऱ्या विकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये जाहीर केली. कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, हे खरे. पण ‘धान्यमुक्त म्हणजे आरोग्यदायी’ हेही कुठे सिद्ध झाले आहे?

कच्च्या मांसाचा धोका कुत्र्यापुरता थांबत नाही. साल्मोनेला, लिस्टेरिया हे जंतू फ्रीझरमध्येही तग धरतात आणि भांड्यांवरून, हातांवरून रांगत्या मुलापर्यंत पोचतात. मांस जरूर द्यावे, पण शिजवून, हाडे काढून. आणि कॅल्शियमचा हिशेब पशुवैद्याकडून करून घेऊन.

— एक श्वानप्रेमी वाचक