आडनाव एक, घराणे निराळे

६ एप्रिल २०२२ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न येथील निसर्गेतिहास संग्रहालयाच्या जागतिक कोळी-सूचीत पन्नास हजाराव्या जातीची नोंद झाली. दक्षिण ब्राझील व त्याच्या शेजारच्या मुलखात आढळणारा हा कोळी, जाळे न विणता झेप घेऊन भक्ष्य पकडणाऱ्या कोळ्यांच्या कुलातला निघाला. महागाई आणि निवडणुका सोडून आठ पायांच्या या जीवाला पहिल्या पानावर जागा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. तो रास्त आहे. परंतु ज्या प्रश्नाने या कुलाचे अभ्यासक आज विभागले गेले आहेत, तो प्रश्न केवळ कोळ्यांचा नाही. वस्तूंचे गट पाडायचे ते सोयीने की नात्याने, हा तो प्रश्न होय.

हा प्राणी आपल्या ओळखीचा आहे. घराच्या भिंतीवर थबकतो, पुढच्या दोन टपोऱ्या डोळ्यांनी आपल्याकडे वळून पाहतो आणि दुसऱ्या क्षणी माशीवर झेप घेतो, तोच हा. त्याच्या कुलात सहा हजारांहून अधिक जातींची नोंद झाली असून कोळ्यांच्या सर्व कुलांत ते सर्वांत मोठे आहे. इतक्या जाती एका यादीत नुसत्या लिहून भागत नाही. जवळच्या जातींची मिळून एक प्रजाती, प्रजातींचे गट आणि गटांची उपकुले अशी उतरंड रचावी लागते. ती रचायची कशाच्या आधारे, येथेच मतभेदाला आरंभ होतो.

शिक्षकी पेशात असताना आम्ही मुलांना एक प्रश्न विचारीत असू. वर्गात दोन कुलकर्णी असले, तर ते भाऊबंद समजावेत काय? मुले हसत. कुलकर्णी हे गावच्या वृत्तीवरून पडलेले आडनाव. ते काम ज्याने ज्याने केले, त्याला त्याला ते चिकटले. उलट एकाच मूळ पुरुषाचे वंशज गावोगाव पांगले आणि निरनिराळ्या आडनावांनी ओळखले जाऊ लागले, असेही घडते. सारखेपणा व्यवसायातून येतो, तसा रक्तातूनही येतो. वरवर पाहणाऱ्याला त्यातला भेद कळत नाही.

कोळ्यांच्या बाबतीत नेमकी हीच फसगत झाली. स्वीडनच्या कार्ल क्लेर्क यांनी १७५७ साली आपल्या देशातील कोळ्यांचे वर्णन केले, तेव्हा त्यांनी साऱ्या कोळ्यांना एकाच प्रजातीत बसविले होते. पुढे ज्ञान वाढले, तशा प्रजाती वाढल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सचे थोर अभ्यासक यूजेन सिमाँ यांनी झेप घेणाऱ्या कोळ्यांचे जबड्याच्या दातांवरून तीन भाग केले: अनेक दातांचे, एका दाताचे आणि दुभंगलेल्या दाताचे. व्यवस्था सुटसुटीत होती. अनेक दशके तिच्यावर काम चालले. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत जनुकांची तुलना होऊ लागली, तेव्हा निराळेच चित्र दिसले. एकाच तऱ्हेचे दात निरनिराळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे उद्भवले होते. मुंगीचे सोंग घेणारे कोळीही एका घरचे ठरले नाहीत. ही कला अनेक घराण्यांनी आपापली कमावली होती. इतकेच नव्हे, तर दक्षिण अमेरिकेतील पुष्कळसे कोळी, रूपाने कितीही भिन्न असले, तरी एकमेकांचे जवळचे आप्त निघाले. आणि आफ्रिका वा आशियातील त्यांचे हुबेहूब ‘जुळे’ परके ठरले. या आधारावर कॅनडातील वेन मॅडिसन यांनी २०१५ साली सात उपकुले व तीस पोटगट यांची मांडणी प्रसिद्ध केली. ती वंशावळीला अनुसरून आहे.

या मार्गाला विरोध झाला, तोही कोणा हौशी माणसाकडून नव्हे. पोलंडचे येजी प्रुशिन्स्की यांनी या कुलाच्या जगभरातील जातींची चित्रे व नोंदी गोळा करून सर्वांना खुल्या करून देण्यात आपले आयुष्य वेचले. त्यांनी २०१७ साली ‘व्यवहारोपयोगी’ वर्गीकरण पुढे ठेवले. हाती आलेला नमुना ओळखू पाहणाऱ्याला जनुकांचा काय उपयोग? त्याला डोळ्यांनी दिसणारी लक्षणे हवीत, असे त्यांचे म्हणणे. दोन वर्षांनी अनेक अभ्यासकांनी एकत्र येऊन या पद्धतीवर कडक टीका केली. पुरेशी कारणे न देता जाती इकडून तिकडे हलविल्या आणि गटांच्या सीमा नीट आखल्या नाहीत, असा त्यांचा आक्षेप होता.

प्रुशिन्स्की यांची तक्रार आम्हाला खोटी वाटत नाही. रानात भिंग घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याची अडचण खरी आहे. परंतु तिच्यावरचा उपाय म्हणजे चांगली ओळख-पुस्तिका, चांगली चित्रे. वंशावळच मोडून टाकणे हा नव्हे. टपालवाल्याच्या सोयीसाठी आपण घरांना क्रमांक देतो, म्हणून एका आळीत राहणारे सारे एका गोत्राचे ठरत नाहीत. सोयीचा गट कधी चूक ठरू शकत नाही, कारण तो काही सांगतच नाही. नात्याचा गट मात्र एक विधान करतो आणि म्हणूनच पुराव्याने खोडता येतो. जे खोडता येते, तेच शास्त्र.

मग नावे सारखी बदलतात, त्याचे काय? घरांत सर्रास आढळणारा ‘हसारियस अ‍ॅडनसोनी’ हा कोळी १८२६ साली ओदुआँ यांनी ‘अ‍ॅटस’ या प्रजातीत नोंदविला होता. पुढे प्रजाती बदलली, तरी ‘अ‍ॅडनसोनी’ हे जातीचे नाव राहिले आणि ओदुआँ यांचे नाव कंसात गेले. मूळ नोंद दुसऱ्या प्रजातीत होती, एवढेच तो कंस सांगतो. चूक दुरुस्त व्हावी, पण पूर्वसूरींचे श्रेय पुसले जाऊ नये, अशी ही व्यवस्था आहे. आपल्या सार्वजनिक जीवनात असा एखादा कंस असता, तर किती बरे झाले असते!

या व्यवस्थेशी आता मुंबईचेही नाते जडले आहे. २०२१ साली मुंबई महानगराच्या परिसरातून या कुलातील एक नवी जाती ‘इसियस तुकारामी’ या नावाने प्रसिद्ध झाली. २००८ सालच्या नोव्हेंबरातील हल्ल्याच्या वेळी, हाती केवळ लाठी असताना, गिरगाव चौपाटीवर अतिरेक्याला जिवंत धरून देताना ज्यांनी देह ठेवला, त्या तुकाराम ओंबळे यांचे ते स्मरण होय. पुढेमागे या कोळ्याची प्रजाती बदलली, तरी ‘तुकारामी’ पुसता येणार नाही. पुतळे हलतात, रस्त्यांची नावे बदलतात. हे नाव नियमानेच राखले आहे.

परंतु नाव राहिले आणि नाव धारण करणारा राहिला नाही, तर त्या स्मारकाला अर्थ उरणार नाही. महानगर ज्या झाडोऱ्यावर पसरत चालले आहे, तेथे अजून नाव न मिळालेले किती जीव असतील, कोणी सांगावे? ज्याला नाव नाही त्याची नोंद नाही. आणि ज्याची नोंद नाही त्याच्या बाजूने कोणत्याही चौकशीपुढे कोणाला उभे राहता येत नाही. म्हणून नमुने जपणारी संग्रहालये, भिंगाखाली डोळे शिणविणारे अभ्यासक आणि या कामाला विद्येचा दर्जा देणारी विद्यापीठे, ही समाजाची गरज आहे. या कामाला टाळ्या मिळत नाहीत. किमान त्याला ‘नुसती नावे ठेवण्याचा उद्योग’ म्हणून नावे ठेवण्याचे तरी आपण थांबवावे.