झिजलेलें गांडूळ

बास नांवाचा गोड्या पाण्यांतील मासा धरण्यासाठीं अमेरिकेंत गळास मऊ प्लॅस्टिकचें गांडूळ लावितात. १९४९ सालीं ओहायो संस्थानांतील ॲक्रन येथें निक क्रीम व त्यांच्या पत्नी कॉस्मा यांनीं स्वयंपाकघरांतच असें गांडूळ ओतून तयार केलें. तें मऊ असल्यामुळें चारदोन मासे चावतांच फाटतें, आणि कित्येक मंडळी तें तसेंच तळ्यांत भिरकावितात. हें सर्वथा अनुचित होय. तें कुजत नाहीं. उलट पाण्यांत फुगतें, आणि माशानें गिळल्यास पोटांत अडकून राहूं शकतें.

वास्तविक फाटलेल्या कडा तापलेल्या सुरीनें सांधतां येतात. तोंडाकडील फाटका भाग कापून उरलेला तुकडा लहान गळास चालतो. अगदींच निकामी तुकडे सांठवून वितळवावे व सांच्यांत पुन्हां ओतावे. मात्र हें काम मोठ्या माणसांनीं, मोकळ्या हवेंत करावें, कारण फार तापल्यास त्यांतून विषारी वायु निघतो.

नवें गांडूळ स्वस्त मिळत असतां हा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. परंतु दुकानांत आपण देतों ती किंमत अपुरी असते. बाकीची तळ्यांतील मासे भरतात. विद्यार्थिमित्रहो, ईश्वराच्या ज्या पाण्यानें आपणांस मासा दिला, त्यांत आपली अडगळ टाकणें ही कृतघ्नता नव्हे काय?