मुद्दल राखून वाट धरावी

स्मरणिकेच्या निमित्ताने एका प्रश्नावर आम्हास आपले मत मांडावयाचे आहे. आपल्या वसतिगृहात शिकलेली, आता बँकेत, जिल्हा परिषदेत वा कारखान्यात कायम झालेली काही मुले-मुली नोकरी सोडून पर्यटनाच्या व्यवसायात उतरण्याची भाषा बोलू लागली आहेत. ते ऐकून आई-वडिलांच्या काळजात धस्स होते. ज्या घरात दरमहा येणारा पगार ही कैक पिढ्यांत प्रथमच घडलेली गोष्ट आहे, त्या घराला ती नोकरी एकट्या मुलाची वाटत नाही. तीत आईने दिंडोरीच्या द्राक्षबागांत केलेली रोजंदारी आहे, धाकट्या बहिणीचे पुढचे शिक्षण आहे. म्हणून ‘मनाला आवडेल ते करा’ हा उपदेश आपल्या घरांत जसाच्या तसा चालत नाही. तरीही या मुलांना वेड्यात काढणे आम्हास मान्य नाही.

मराठी माणसाला सहलीची गोडी लावणारे केसरी पाटील हे आरंभी शिक्षक होते. ती नोकरी सोडून ते पर्यटनात आले; परंतु आधी त्यांनी भावाच्या राजा-राणी ट्रॅव्हल्समध्ये काम केले आणि स्वतःची केसरी टूर्स काढली ती १९८४ साली. तोपर्यंत हा व्यवसाय त्यांना आतून ठाऊक झाला होता. पर्यटनाचा व्यवसाय म्हणजे स्वतः फिरणे नव्हे. लोक फिरत असताना त्यांची तिकिटे, मुक्काम, जेवण आणि म्हाताऱ्यांची औषधे सांभाळणे, असे ते काम आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, तेव्हा हा व्यवसाय एका दिवसात ठप्प झाला, हेही विसरता येणार नाही. २०२७ च्या सिंहस्थाची गर्दी डोळ्यांपुढे ठेवून जे राजीनामा देऊ पाहतात, त्यांनी पुढचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, एवढे ध्यानात घ्यावे.

मग या वाटेला जावेच कशासाठी? आमच्या मते त्याला एक सबळ कारण आहे. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर २४ लेणी आहेत. ती भिक्खूसंघासाठी कोरली गेली, असे तेथील शिलालेखच सांगतात. तरी लोकांच्या तोंडी नाव ‘पांडवलेणी’ आणि येणाऱ्या पाहुण्याला बहुधा ऐकायला मिळते ती पांडवांचीच कथा. अठराव्या लेण्यातील चैत्यगृहावर धंभिक गावच्या लोकांनी दिलेल्या दानाचा लेख आहे. सतरावे लेणे इंद्राग्निदत्त नावाच्या एका यवनाचे दान आहे. राजांच्या बरोबरीने गावकरी आणि परदेशी माणूस यांनीही उभे केलेले हे स्थळ आहे. इथून काळाराम मंदिर, जिथे २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला, आणि तिथून येवला, जिथे बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्मांतराची घोषणा केली, हा सारा प्रवास एका दिवसात घडू शकतो. तो नीट अभ्यास करून दाखवणारी माणसे आपल्यातून निघाली, तर त्यांचा चरितार्थ चालेल आणि इतिहासही योग्य मुखातून बोलेल.

वाट कशी धरावी, याचे उत्तरही त्याच डोंगरावर कोरलेले आहे. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याच्या दानाचा लेख आहे. त्याने भिक्खूसंघासाठी गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापणे ठेवली. त्यांपैकी २००० दरमहा शेकडा १ व्याजाने होती. त्यांचे वर्षाचे व्याज २४० होते आणि त्यातून वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ मिळत. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याज उपभोगायचे, अशी स्पष्ट अट लेखात आहे.

आपल्या घरांत नोकरी हे मुद्दल आहे. प्रथम तिचे व्याज खर्चावे. रविवार आणि सुट्ट्या या कामाला द्याव्यात, लेख वाचायला शिकावे, शाळेच्या मुलांना लेणी दाखवावीत, एखाद्या सहल कंपनीचे काम जवळून पाहावे. सरकारी नोकराला परवानगीवाचून खासगी व्यवसाय करता येत नाही. त्याने ही सेवा विनामोबदला करावी. किमान वर्षभराचा घरखर्च बाजूला पडला, बहिणीची फी भागली आणि एकदा आलेली माणसे पुन्हा आपल्यालाच बोलावू लागली, की मग राजीनाम्याचा कागद लिहावा. एवढे जमले नाही, तर नोकरी टिकून राहते आणि लेणी वाचण्याची विद्याही हाती उरते. त्यात कमीपणा कसला?

पालकांनाही आमची एक विनंती आहे. मुलगी वा मुलगा हा विषय काढील तेव्हा लगेच नकार देऊ नये. दोन-तीन वर्षांची मुदत द्यावी, हिशेबाची वही मागावी आणि तिच्या पहिल्या सहलीत आपणही चालावे. ज्यांनी राबून हे मुद्दल उभे केले, ते पुढे कोणत्या कामी लावायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्यांनाही आहे.